डावं-उजवं

विडनेस, मर्सीचा काठ. रात्रपाळीचे पावणेतीन.
चारशे लिटरच्या भांड्यात दोघं
एकमेकांत विरघळून बसलेत.
वजन तेच, वितळबिंदू तोच,
तराजूला विचारलं तर म्हणेल, एकच जिन्नस.
आरसा तेवढा जाणतो.
आणि रोग्याचं शरीर, जे एकाला आत घेतं
अन् दुसऱ्याला उंबऱ्यावर उभं ठेवतं.

मागणी डाव्याची आहे.

म्हणून तिसऱ्याला मध्ये घालायचं :
टार्टारिक आम्ल, पंचवीस किलोची गोणी.
गोणीवर द्राक्षाचं चित्र आहे,
पण मी हे आंबट ओळखते.
कुडाळला शाळेमागं, मिठाच्या खड्याबरोबर,
दात आंबेपर्यंत चोखलेली चिंच.
चिंचेला दोन हात नसतात,
ती जन्मतःच एका बाजूची.

आम्ल दोघांशीही हात मिळवतं.
एकाशी बोटांत बोटं नीट बसतात,
दुसऱ्याशी अंगठ्यावर अंगठा, कसंबसं.
एवढ्यानंच आरसा फुटतो.
आता हे एकमेकांचं प्रतिबिंब नव्हेत.
एकाचा क्षार गारव्यात बाहेर यायला बघतो,
दुसऱ्याचा द्रावातच रमतो.

साठ अंशांवरून खाली, तासाला सहा.
घाई केली की तेल सुटतं,
तळाला चिकट, काकवीसारखं,
आणि सकाळी ऑर्मरॉड साहेब
काहीच न बोलता भांड्यात बघत राहतात.

अठ्ठेचाळीस. काही नाही.
सेहेचाळीस. काच नितळ.
मॉरीन हॅलिवेल म्हणते, विर्जन?
तीन आठवड्यांपूर्वी शिकवलेला शब्द,
'ण' तिच्या जिभेला अजून वळत नाही.
मागच्या घाण्यातले चाळीस ग्रॅम स्फटिक
इथेनॉलमध्ये कालवून ती आत ओतते,
डाव्या हातानं.

आज पहिल्यांदा बघितलं मी.
नन्सनी पट्टी मारमारून उजवा केला, ती म्हणते,
पण लिहिण्यापुरताच.
माझाही, मी म्हणते. तिरोडकर बाईंनी.
रुमालानं बाकाला बांधून.

पुढचं तिला कुठल्या भाषेत सांगू?
की आमच्याकडे वगळणं म्हणजे डावलणं,
मुलीचं लग्न झालं की ती उजवली,
मूल झालं की कूस उजवली,
सरस ठरतो तो उजवा,
आणि भेदभाव करणं म्हणजे डावं-उजवं करणं,
जे करू नये म्हणतात.
मला त्याचाच पगार मिळतो.

ते बघ, मॉरीन म्हणते.
तांदूळ धुतल्यासारखं पाणी गढूळतं,
मग त्या गढूळपणाला टोकं फुटतात,
दिव्यात लुकलुकणाऱ्या सुया,
सगळ्या एका हाताच्या. बहुतेक.
'बहुतेक' किती, ते सहा वाजता यंत्र सांगेल.

यंत्र सांगतं : अठ्ठ्याण्णव टक्के.
पुन्हा एकदा स्फटिक काढले की चालेल.

गाळून उरलं ते मदर लिकर.
असली कसली आई, मॉरीन म्हणते,
अर्धी पोरं पोटातच ठेवून घेणारी.
निळ्या ड्रमात भरायचं.
पुढच्या आठवड्यात अल्कली घालून उकळतील,
आपला हात कुठला ते विसरेपर्यंत,
मग पुन्हा निम्मे-निम्मे, पुन्हा चिंच, पुन्हा साठ अंश.
त्याचा गुन्हा काय विचाराल,
तर तो जरा जास्त विरघळतो.

बाहेर पुलावरचे दिवे विझतायत,
ओहोटीनं नदीचा गाळ उघडा पडलाय.
ड्रमवर एकच अक्षर टाकायचं असतं, 'आर'.
मी मार्कर डाव्या हातात घेते.
चाळीस वर्षांनी. बोटं थरथरतात.
अक्षर उलटं उमटतं,
पाय डावीकडे टाकून उभं.

मॉरीन बघते. हसत नाही.
दुसरं लेबल घे, म्हणते,
हे ऑडिटला चालायचं नाही.
पहिलं सोलून काढते
आणि आपल्या लॉकरच्या दारावर, आतून, चिकटवते.